टेकडी-नदीच्या कामात नवे आहात? पुण्यात टिकून राहायचं असेल तर हे वाचा

दरवर्षी उन्हाळ्यात पुण्यात कुठे ना कुठे झाडांवर नोटिसा लागतात, एखाद्या टेकडीतून रस्ता काढायचा बेत पेपरात येतो आणि पाठोपाठ नवी माणसं चळवळीत येतात. कुणी बाणेरची आयटीतली मुलगी, कुणी एरंडवण्यातले निवृत्त बँक अधिकारी, कुणी फर्ग्युसनचा विद्यार्थी. पहिले काही आठवडे उत्साह नुसता उतू जात असतो. गणपती येईपर्यंत त्यातली निम्मी मंडळी दिसेनाशी होतात. ती आळशी नसतात. घोषणा कशा द्यायच्या हे त्यांना सगळ्यांनी सांगितलेलं असतं, हे प्रकरण किती वर्षं चालणार आहे ते मात्र कुणीच सांगितलेलं नसतं.

म्हणून मी तेच आधी सांगते. 1997 मध्ये आसपासची गावं पुणे महापालिकेत आली. त्यातल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण (आपल्याकडे सगळे ज्याला बीडीपी म्हणतात ते) ठेवायचं की नाही, यावर भांडण लागलं. सुमारे 978 हेक्टर जमिनीचा प्रश्न होता. राज्य सरकारनं आरक्षणावर शिक्कामोर्तब केलं ते 2015 मध्ये. म्हणजे तिशीत या मागणीत उतरलेला माणूस निर्णय होईपर्यंत पन्नाशीच्या घरात गेला. आणि एवढं होऊनही जमिनी ताब्यात घेण्याचं काम रेंगाळलेलंच आहे. तुम्ही ज्या नाल्यासाठी किंवा ज्या रस्त्याविरुद्ध उभे राहणार आहात, त्याचा हिशेब साधारण असाच धरून चला.

एवढी वर्षं निव्वळ उत्साहावर निघत नाहीत. उत्साह नसलेल्या दिवशीही काम थोडं पुढे सरकेल अशी घडी बसवावी लागते. ती कशी बसवायची, त्यासाठी हा लेख.

1. एकच जागा निवडा, आणि ती जवळची असू द्या

नव्या माणसाला सगळंच वाचवायचं असतं. वेताळ टेकडी, तळजाई, नदीकाठ, रामनदी, आंबील ओढा, पश्चिम घाट, वर हवामानबदल. यातलं काहीच चुकीचं नाही, पण एका माणसाला एवढं पेलत नाही.

घरापासून चालत किंवा सायकलवर पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल अशी एकच जागा धरा. पाषाण-सूसकडे राहत असाल तर रामनदीचा एखादा टप्पा. सहकारनगर-पर्वतीकडे असाल तर आंबील ओढा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्या ओढ्यानं काय केलं हे तिथल्या कुणालाही विचारा. कोथरूड, गोखलेनगर, पंचवटीकडचे असाल तर वेताळ टेकडी आहेच. टेकडी, ओढा यातलं काहीच जवळ नसेल तर तुमच्या रस्त्यावरची वडा-पिंपळाची रांग घ्या. तीही चालते.

मग तिथे जायला लागा. मोर्चा नसतानाही. हा भाग लोक गाळतात आणि तिथेच गाडं अडतं. फक्त सभा, निवेदनं आणि बातम्या एवढाच संबंध राहिला तर काही महिन्यांनी टेकडी म्हणजे कटकट वाटू लागते. आठवड्यातून एक फेरी अशी ठेवा की जिच्यात चळवळीबद्दल बोलायचं नाही. वेताळ टेकडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये गणेरीच्या निष्पर्ण झाडावर पिवळीधमक फुलं येतात. सालईच्या खोडाची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत असते. वळवाच्या सुमारास नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते, पक्षी मात्र मान दुखेपर्यंत शोधला तरी सापडत नाही. हे सगळं तारीख घालून वहीत लिहा. मनाला बरं वाटतं हा एक भाग झाला. दुसरं असं की उद्या कुणी सल्लागार अहवालात 'सदर जागी विशेष जैवविविधता आढळत नाही' असं लिहील, तेव्हा तुमच्याकडे सलग नोंदी असतील आणि त्याच्याकडे एका दुपारची पाहणी.

सापळा: वृक्षारोपण. पावसाळा आला की प्रत्येक मंडळ, बँक आणि कंपनी टेकडीवर खड्डे खणायला निघते. पुण्याच्या टेकड्यांवर बराच भाग मुळातला गवताळ आहे, आणि ते गवत हेच तिथल्या कित्येक पक्ष्यांचं, किड्यांचं घर आहे. तिथे खड्डे पाडून भलतीच रोपं लावणं हे काम नव्हे. एकेकाळी हिरवळ दिसावी म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हे परदेशी झाड) लावून ठेवलं, त्याच्याखाली काय उगवतं ते एकदा जाऊन बघा. फोटो काढून घ्यायचाच असेल तर आधी लावलेल्या रोपांना एप्रिलमध्ये पाणी घालताना काढा.

2. आपलं काम ठरवून घ्या, आणि दुसऱ्याचं अंगावर घेऊ नका

कुठल्याही गटात चार-पाच प्रकारची कामं असतात. कागद बघणं, जागेवर जाऊन नोंदी-फोटो घेणं, लोकांशी आणि पत्रकारांशी बोलणं, सभेला-सुनावणीला हजर राहणं, आणि खुर्च्या, स्पीकर, पाणी, चहा यांची व्यवस्था. शेवटचं काम कुणाला नको असतं आणि त्याच्यावाचून काही चालत नाही.

यातलं एक निवडा. तुम्हाला चारचौघांत बोलायची भीती वाटत असेल तर बोलायला उभे राहू नका, कुणी 'तुझी भीती मोडायला हवी' म्हणालं तरी. हिशेबात चोख असाल तर गटाची फाईल सांभाळा. आठवड्याला किती तास देणार हेही पहिल्याच बैठकीत सांगून टाका. 'दोन तास, शनिवारी सकाळी' असं सांगणारा माणूस वर्षानुवर्षं टिकतो. 'कधीही हाक मारा' म्हणणारा दिवाळीच्या आत गायब होतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

3. कागद शिका

या पायरीवर जरा जास्त वेळ थांबणार आहे. माणूस खचतो तो बहुतेकदा असहाय वाटल्यामुळे. आणि असहायता निम्म्यानं कमी होते ती कुठल्या दारात, किती तारखेपर्यंत, काय घेऊन जायचं हे कळल्यावर. वकील असायची गरज नाही. पुढच्या चार-पाच गोष्टी पुरतात.

माहितीचा अधिकार. कायदा 2005 चा. अर्जाची फी 10 रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावून देता येतो किंवा राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइन. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे निबंध लिहू नका. उत्तरासाठी 30 दिवस. उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याची फी 20 रुपये. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं खंडपीठ पुण्यातच आहे.

'हा रस्ता का करता?' असं विचाराल तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही' असं एका ओळीचं उत्तर येईल. कागद मागा. 'अमुक कामाच्या फाईलमधील सर्व टिपण्या, जागा पाहणी अहवाल, सल्लागाराला दिलेला कार्यादेश आणि उद्यान विभागाशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती मिळाव्यात.' टिपण्यांतच खरी गंमत असते. कुठल्या तरी कनिष्ठ अभियंत्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं असतं की या जागी नाला आहे.

प्रती मिळायला वेळ लागणार असेल तर फाईल प्रत्यक्ष पाहायला मागा. सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना कागदपत्रं दाखवायची प्रथा पुणे महापालिकेतच सुरू झाली आणि 2018 मध्ये राज्य सरकारनं परिपत्रक काढून ती जिल्हा कार्यालयांना, स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. जायच्या आधी त्या खात्यात फोन करून वेळ पक्की करा, नाहीतर 'साहेब साइटवर गेलेत' हे वाक्य ऐकायला शिवाजीनगरपर्यंत जाणं होईल.

झाडांची नोटीस. राज्यात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. तोडण्याचा प्रस्ताव आला की महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानं जाहीर सूचना द्यायची, झाडावरही लावायची, आणि हरकतींसाठी 7 दिवस. सात दिवस म्हणजे काहीच नाही. शुक्रवारी नोटीस लागली तर शनिवार-रविवार त्यातच गेले. म्हणून नोटीस दिसली की त्याच मिनिटाला फोटो: कागद पूर्ण वाचता येईल असा एक, झाड आणि आजूबाजूची खूण दिसेल असा एक. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हटलं जातं, आणि 200 किंवा जास्त झाडांचा प्रस्ताव राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे पाठवायची तरतूदही तेव्हा आली होती (ती आता कशी आहे ते तपासून घ्या). त्यामुळे यादीत झाडाचं वय कमी आणि एका कामाचे दोन-तीन तुकडे दाखवलेले आहेत का, हे बघायची सवय लावून घ्या.

हरकत कशी लिहायची? झाडाचा यादीतला क्रमांक, जात, खोडाचा घेर. घेर जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, शिंप्याच्या टेपनं मोजायचा. वडाच्या पारंब्या वगळून मूळ खोड मोजायला दोन माणसं लागतात, एकाला टेप दाबून धरावा लागतो, आणि मुंगळे चावतात. मग कारण, आणि शक्य असेल तिथे पर्याय: पदपथ इथे दोन फूट आत घेतला तर क्रमांक अमुक ते तमुक ही झाडं वाचतात. भावनेनं ओथंबलेली शंभर पत्रं एका गठ्ठ्यात बांधून बाजूला ठेवली जातात. क्रमांकनिहाय हरकतीला क्रमांकनिहाय उत्तर द्यावं लागतं, निदान न दिल्याचं पुढे दाखवता येतं.

आरक्षण बदल. विकास आराखड्यात किरकोळ बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. 'किरकोळ' हा शब्द कायद्याचा आहे. टेकडीचं काय होतं ते किरकोळ असेलच असं नाही.

जनसुनावणी. काही मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार जनसुनावणी लागते, तिची किमान 30 दिवस आधी सूचना देऊन प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं. तिथे फक्त बोलून येऊ नका, लेखी द्या. बोललेलं इतिवृत्तात कसं उतरेल हे आपल्या हातात नसतं.

एनजीटी. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच, कौन्सिल हॉलसमोरच्या नव्या प्रशासकीय इमारतीत आहे. गुजरात-गोव्याच्या लोकांना इथे यावं लागतं, आपल्याला पीएमपीनं जाता येतं. पण 'होऊ द्या, मग एनजीटीत जाऊ' असं म्हणत बसण्यात मुदत निघून जाते. सर्वसाधारण अर्जाला कारण घडल्यापासून 6 महिने, पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या अपिलाला 30 दिवस. पुरेसं कारण दाखवलं तर दोन्हींत आणखी 60 दिवसांची सवलत मिळू शकते. मंजुरीची तारीख कळली की ती कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा आणि त्याच आठवड्यात वकिलांना भेटा.

कागदाला किती ताकद असते याचा दाखला हवा असेल तर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीचा अहवाल घ्या. तो ऑगस्ट 2011 मध्ये सरकारला सादर झाला आणि दडपून ठेवला गेला. माहिती अधिकारात एकानं तो मागितला, प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापर्यंत आणि पुढे न्यायालयापर्यंत गेलं, आणि मे 2012 मध्ये अहवाल लोकांसमोर आला. सुरुवात दहा रुपयांच्या अर्जापासून.

सोबत ठेवायची सामग्री अशी:

- एक जाड फाईल, त्यात प्रत्येक पत्राची पोच घेतलेली प्रत. आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा
- आधार कार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प
- विकास आराखड्याच्या तुमच्या भागाच्या नकाशाची प्रत आणि सर्व्हे नंबर
- शिंप्याचा टेप, तारीख-ठिकाण उमटवणारं फोटोचं ॲप
- नोंदींची वही. मोबाइलमधली नव्हे, कागदाची
- तारखांचं भिंतीवरचं कॅलेंडर; कालनिर्णय उत्तम, रकाने मोठे असतात

4. न झालेल्या गोष्टींची नोंद ठेवा

मला या लेखात खरं म्हणजे हेच सांगायचं होतं.

पर्यावरणाच्या कामात जिंकणं म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी न होणं. रस्ता झाला नाही, झाड पडलं नाही, टेंडर निघालं नाही. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो, त्याच्यावर कोनशिला बसते. तुमच्या नावाची कोनशिला कुठेही बसणार नाही. आणि न झालेली गोष्ट डोळ्यांना दिसत नसल्यामुळे दोन वर्षांनी तुम्हालाच वाटू लागतं की आपण काहीच केलं नाही. झालेलं नुकसान मात्र रोज जाता-येता दिसतं. हा हिशेब मुळातच एकतर्फी आहे, तो वहीत सरळ करून घ्यावा लागतो.

वहीची काही पानं वेगळी काढा. त्यात लिहा: कुठली तारीख पुढे ढकलली गेली, कुठल्या यादीतून कुठली झाडं वगळली, कुठल्या मंजुरीत कुठली अट घातली गेली, कुठल्या अधिकाऱ्यानं पहिल्यांदा तुमच्या नकाशाकडे नीट पाहिलं, कुठला नवा माणूस दुसऱ्या बैठकीलाही आला. आमच्या भागात एका रस्तारुंदीच्या कामात सुनावणीनंतर काही झाडं वगळली गेली. त्यातला उंबर अजून बसस्टॉपशेजारी उभा आहे. नोटिशीचा कागद केव्हाच गेला, ती ठोकलेला खिळा सालीत अर्धा बुडालाय. (झाडांना खिळे ठोकू नका असं सांगणारी यंत्रणाच नोटीस खिळ्यानं ठोकते, पण ते असो.) खाली उभ्या असलेल्या कुणालाही हे माहीत नाही. वहीत आहे.

वेताळ टेकडीच्या बाबतीत बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय किती जुना आहे ते ज्येष्ठांना विचारा. काही दशकं तो कागदावर येतोय-जातोय. एप्रिल 2023 मध्ये टेकडीसाठी आणि नदीकाठच्या झाडांसाठी जे मोर्चे निघाले, त्यांत पहिल्यांदाच रस्त्यावर उतरलेली माणसं शेकड्यांनी होती. त्यांच्यातल्या पुष्कळांना वाटलं की लढा आज सुरू झाला. खरं तर टेकडी तोवर शाबूत राहिली, त्यामागे आधीच्या पिढीची वर्षानुवर्षांची न दिसणारी हजेरी होती.

हरण्याचंही लिहा. नदीकाठ सुधारणेचा 44 किलोमीटरचा प्रकल्प विरोध, याचिका, सुनावण्या सगळं होऊनही काही टप्प्यांत उभा राहिलाच, बंडगार्डनला जाऊन बघता येतो. आणि आपल्याच जिल्ह्यातला 1921 चा मुळशी सत्याग्रह घ्या. शेतकऱ्यांनी धरण अडवायला जिवाचं रान केलं, नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट तुरुंगात गेले आणि 'सेनापती' होऊन बाहेर आले. धरण झालंच. ते पाणी आजही कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे उतरतं. मग सत्याग्रह वाया गेला का? सेनापती बापट रस्त्यावर सिग्नलला अडकलात की विचार करून बघा, तेवढा वेळ तिथे मिळतो.

5. व्हॉट्सॲप ग्रुपला लगाम घाला

माणसं टेकडीमुळे थकत नाहीत, ग्रुपमुळे थकतात. रात्री साडेअकराला आर्क्टिकच्या बर्फाचा व्हिडिओ, मग सुप्रभात, मग जुन्याच कुठल्या तरी झाडतोडीचा फोटो 'आत्ताच घडलंय, तातडीनं पोचा' म्हणून.

दोन ग्रुप करा. एकात फक्त सूचना, तिथे दोघा-तिघांनाच लिहिता येईल. दुसऱ्यात काय बोलायचं ते बोला, आणि तो म्यूट करून ठेवा. तारीख, जागा आणि काढणाऱ्याचं नाव नसलेला फोटो पुढे पाठवायचा नाही, हा नियम पाळलात तर पत्रकार तुमचा फोन उचलतील. एकदा जरी जुना फोटो नवा म्हणून गेला तर पुढच्या दहा खऱ्या फोटोंवर कुणी विश्वास ठेवत नाही.

श्रेयाची भांडणं होणारच. पुण्यात एका टेकडीला तीन समित्या असतात आणि तिघी एकमेकींच्या प्रेस नोटमधलं शुद्धलेखन तपासतात. बैठकीचं इतिवृत्त लिहून त्याच रात्री सगळ्यांना पाठवा, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्यांकडे काणाडोळा करा.

पैसे गोळा करत असाल तर कुणाच्या वैयक्तिक खात्यात नकोत, आणि स्टेशनरीच्या पावतीपर्यंत सगळं दाखवता आलं पाहिजे. चांगले गट यावरून फुटलेत.

6. विरोधात बोलणाऱ्यांशी बोला, आणि ज्यांच्याशी कुणी बोलत नाही त्यांच्याशीही

'तुम्ही स्वतः गाडी वापरता ना?' हा प्रश्न काकांपासून नगरसेवकापर्यंत सगळे विचारतात. रागावू नका. 'वापरते. बस वेळेवर आली असती तर वापरली नसती, म्हणून बसचंही बोलतोय' एवढं उत्तर बास होतं. 'विकासाला विरोध' म्हणणाऱ्याला आपली पर्यायी आखणी कागदावर दाखवा. आखणी नसेल तर आधी ती करा, मग वाद घाला.

क्षेत्रीय कार्यालयातला अभियंता तुमचा शत्रू नाही. त्याला वरून फोन येतात, तुमच्याकडून पत्रं येतात, आणि पावसात त्यालाच चेंबर उघडून बघायला लागतं. 'साहेब, तुमच्या अडचणी काय आहेत?' असं कधीतरी खरंच विचारून बघा. मार्च 2022 नंतर महापालिकेत बराच काळ नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या दिवसांत ज्यांनी खात्यांमधल्या माणसांशी नीट बोलणं ठेवलं होतं त्यांचीच कामं हलली. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचं टेकडीवर प्रेम जडतं. व्यासपीठावर बोलवा, पण जे बोलतील ते लेखी घ्या.

आता जरा न आवडणारं. आपल्या चळवळीत बहुतेक माणसं सोसायट्यांमधली आहेत. ओढ्याच्या काठी राहणाऱ्या वस्तीशी आपण क्वचित बोलतो. जून 2021 मध्ये आंबील ओढ्यालगतची घरं पावसाळ्यात पाडली गेली तेव्हा 'ओढा मोकळा झाला' म्हणून मनातून बरं वाटलेली माणसं मला माहीत आहेत. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपल्या घरातला कचरा सोसला, त्यांच्या आंदोलनाला आपल्यापैकी कितीजण गेले? आपल्या दारातून कचरा नेणाऱ्या ताईंना विचारा, ओढ्यात काय-काय आणि कुठून येतं ते त्यांना आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं. चळवळ एकाच वर्तुळात फिरत राहिली की तिथलीच माणसं एकमेकांना कंटाळतात. वर्तुळ मोठं झालं की दमही वाढतो.

7. मोर्चाच्या दिवशी

थोडक्यात सांगते. पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, परवानगीची प्रत खिशात ठेवा. जमावबंदीचा आदेश लागू आहे का बघा, पूर्वीचं कलम 144 आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 163 झालंय. तुम्हाला पोलिसांची प्रतिबंधात्मक नोटीस मिळाली (पूर्वीची 149 ची, आता 168 ची) तर घाबरू नका. ती समज असते, अटक नसते. घ्या, प्रत ठेवा, वकिलांना फोटो पाठवा. पाणी, टोपी, चार्ज केलेला फोन. परतताना आपला कचरा आपण उचला, पत्रकार तेवढाच फोटो काढायला टपलेले असतात.

8. थकण्याआधी रजा घ्या

लक्षणं साधी असतात. प्रत्येक झाडाकडे बघून घेरच आठवतो. घरचे काही विचारायला कचरतात. बातमी वाचून वाईट वाटण्याऐवजी काहीच वाटत नाही, किंवा साध्या रस्त्याच्या पॅचवर्कवरून भांडण होतं. अशा वेळी आणखी जोर लावण्यात अर्थ नसतो.

रजा जाहीर करून घ्या. 'दोन महिने नाही, अमुक तारखेला परत येते.' न सांगता गायब झालेल्या माणसाला परत यायची लाज वाटते आणि मग तो कायमचा जातो. रजेवर जाताना एका पानावर लिहून द्या: कुठले अर्ज प्रलंबित आहेत आणि त्यांची अपिलाची शेवटची तारीख, फाईल कुणाकडे, ईमेलचा पासवर्ड कुणाकडे, वकिलांशी शेवटचं काय बोलणं झालं, पुढची सुनावणी कधी. ज्या गटात हे पान देता येत नाही तो गट एका माणसावर उभा आहे, आणि त्या माणसाला ताप आला की हरकतीची मुदत जाते.

झोप उडाली, छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही असं आठवडे-आठवडे चाललं असेल तर तो थकवा टेकडीवर जाऊन जात नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

बातम्यांचीही रजा असते. जगभरच्या आपत्ती रोज वाचल्यानं तुमच्या ओढ्यातलं सांडपाणी कमी होत नाही. दिवसातून एकदा स्थानिक पेपरमधल्या जाहीर सूचनांचं पान बघितलंत तरी कामापुरतं झालं. ते पान तुमच्या रजेत कोण बघणार, हे जायच्या आधी ठरवून घ्या. सात दिवसांची मुदत तुमच्या रजेसाठी थांबत नाही.